पाचवी फळी

आमच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये सर्फबोर्ड टांगलेले आहेत, असं कंपनीत सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडं बघतो आणि मग हातातल्या चहाकडं. त्याचंही काही चुकत नाही. राहूच्या पुढं भीमेच्या काठाला आमची वस्ती, नोकरी रांजणगावला एमआयडीसीत, आणि समुद्र म्हणजे घाट उतरून पुढं आणखी कितीतरी तास. अशा माणसानं बैल पाळावेत, कोंबड्या पाळाव्यात, फार तर जुन्या मोटारसायकली जमवाव्यात. लाटेवर उभं राहायच्या फळ्या जमवणं म्हणजे माळावर होडीचं दुकान टाकण्यासारखं. हे मला कळतं. दुसऱ्या कुणी सांगितलं की मात्र राग येतो.

हा नाद मला कंपनीनंच लावला. मी क्वालिटीत आहे. गाड्यांचे पार्ट मोजायचे, उजेडात धरून बघायचे, जरा इकडंतिकडं असला की लाल टॅग लावून बाजूला टाकायचा. एका वर्षी मला तीन महिन्यांसाठी तमिळनाडूतल्या प्लांटवर पाठवलं. रविवारी करायचं काय म्हणून किनाऱ्यावर गेलो, तर एक म्हातारे कोळी मामा घरापुढं फळ्या भाड्यानं द्यायला बसलेले. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. त्यांनी मला फळीवर पालथं झोपवलं, लाट आली तशी ढकललं आणि मागून ओरडले. मी उठलो. तीन सेकंद उभा होतो. पोहायला मी नदीत शिकलेला, त्यामुळं पाण्याचं मला अप्रूप नव्हतं; पण पाणीच आपल्याला उचलून पुढं नेतंय, ही भानगड नवीन होती. त्या तीन सेकंदांत ना साहेब आठवला, ना शिफ्ट. परत येताना आठ फुटी निळा फायबरचा बोर्ड रेल्वेत घालून आणला. दौंड स्टेशनला उतरवताना हमाल म्हणाला, "दरवाजा हाय का वो?" मी हो म्हणालो.

मग तळकोकणातला एक किनारा सापडला. तिथं एक छोटं सर्फिंगचं स्कूल आहे, तिथल्या मास्तरांशी दोस्ती झाली, आणि दिवाळी, शिमगा, जोडून सुट्टी, जे मिळेल ते धरून मी तिकडं पळायला लागलो. निळ्याच्या शेजारी सहा फुटी टोकदार बोर्ड आला. तो निव्वळ माजानं घेतला होता. त्याच्यावर मी आजवर तीनदा उभा राहिलो असेन. मग नाक तुटलेला एक आला, कुणी तो फेकून देत होतं ते मला बघवेना. चौथ्याची शेपूट माशासारखी दुभंगलेली, तो माझा सगळ्यांत लाडका. गावात या सगळ्यांना 'फळ्या' म्हणतात. आबा त्यांना 'फळकुटं' म्हणतात, पण खंडेनवमीला कोयते, पाने, माझं मोजमापाचं व्हर्नियर यांच्या रांगेत चारी बोर्ड स्वतःच्या हातानं मांडतात आणि प्रत्येकाला हळदीकुंकू लावतात.

आबा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. जन्मभर गुळवे. उकळत्या रसाचा बुडबुडा बघून गूळ कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस. पण आमच्या पंचक्रोशीत आबांना ओळखतात ते वेगळ्याच कामासाठी. नदीच्या अलीकडं दौंड तालुका आणि पलीकडं शिरूर. पूल व्हायच्या आधी इकडच्यांची शेतं तिकडं असायची आणि तिकडच्या लेकी इकडं दिलेल्या असायच्या. गुऱ्हाळाचा हंगाम संपला की आबा काहील, म्हणजे गूळ करायची ती भली थोरली लोखंडी कढई, घासूनपुसून नदीत सोडायचे. तिच्यात तिघंचौघं दाटीवाटीनं बसायची आणि आबा पाण्यात उतरून, मागून काठ धरून, ती ढकलत पलीकडं न्यायचे. नवऱ्या नेल्या, करडं नेली, ओली बाळंतीणही नेली. एक माणूस कधी भिजला नाही, असं ते सांगतात. मग पूल झाला आणि काहील कायमची चुलवाणावर गेली. पुढं मी कंपनीत लागलो, आबांच्यानं एकट्यानं रेटेना, म्हणून गुऱ्हाळही बंद केलं. आता काहील शेडमध्ये पालथी पडलेली असते आणि तिच्या वर आढ्याला माझे बोर्ड.

या वर्षी मी जाहीर केलं की आपल्याला एक लाँगबोर्ड घ्यायचाय. लाँगबोर्ड म्हणजे नऊदहा फुटांची, रुंद, जाड फळी. हळू चालते, पण लाट छोटी असली तरी उचलते आणि माणसाला पटकन पाडत नाही.

"कशाला?" बायकोनं विचारलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं तिचा प्रश्न वहीवर लाल पेन टेकवून विचारल्यासारखा असतो.

"संग्रह पूर्ण होत नाही त्याच्याशिवाय."

"अहो, माझ्या कपाटातल्या साड्यांना मी कधी संग्रह म्हणाले का?"

"साडी आणि बोर्ड एक आहे का?"

"नाही ना. साडी मी नेसते तरी."

हा टोमणा बरोबर लागला, कारण सहा महिने मी एकाही बोर्डाला हात लावलेला नव्हता.

त्याचं कारण घरात कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीनंतरच्या खेपेला एका सकाळी मी लाटेवरून पडलो. पडणं रोजचंच. पण त्या दिवशी बोर्डाची पायाला बांधायची दोरी दोन्ही पायांभोवती गुंडाळली गेली, वर कुठं आणि खाली कुठं हे कळेना, आणि तोंड वर काढतोय तोवर दुसरी लाट अंगावर आली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वाळूत येऊन बसलो तो परत पाण्याकडं गेलोच नाही. बायकोला फोनवर सांगितलं, कानात पाणी गेलंय. तेव्हापासून शिमग्याला ऑडिट निघालं, जोडून सुट्टीला ऊसतोड निघाली, पाडव्याला माझी पाठ धरली. स्कूलचे मास्तर फोन करून दमले. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की श्वास अडकायचा. भीमेत डुंबून मोठा झालेला माणूस बादलीला भ्यायला लागला होता, आणि हे कुणाला सांगायचं?

म्हणून लाँगबोर्ड. पोरसवदा सर्फर त्याला म्हाताऱ्यांची फळी म्हणतात. मीही एके काळी म्हणत होतो. आता मी मनाशी ठरवलं होतं की एवढा एक प्रयत्न करायचा. त्या रुंद फळीवरही पाण्यात जायचा धीर झाला नाही, तर आढ्याचे चारी बोर्ड उतरवायचे, कोकणातल्या स्कूलला देऊन टाकायचे आणि विषय मिटवायचा. नुसत्या विचारानंच मला रडू यायचं.

बोर्ड मिळाला तो शिरूरच्या फायबरवाल्या चाचांमुळं. चाचांचं घराणं शिरूरमधलं जुनं, आजोबा कल्हई करायचे. चाचा फायबरचं काम करतात: पाण्याच्या टाक्या, घुमट, फार्महाऊसच्या गेटवर उभे करायचे बैल. माझ्या निळ्याला चीर गेली तेव्हा मी तो त्यांच्याकडं नेला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "भाऊ, ही टाकीच हाय, फक्त चपटी." काम इतकं सुबक केलं की पुढं कोकणातल्या मास्तरांनीही त्यांचे मोडके बोर्ड इकडं पाठवायला सुरुवात केली. या उन्हाळ्यात दोन लाँगबोर्ड आले, आणि मास्तरांचा फोन आला की दुरुस्त करून घ्या, तुम्हाला जो आवडेल तो ठेवा, दुसरा सोमवारी टेम्पो येईल त्यात परत टाका.

पांढरा नऊ फुटी होता. सडपातळ, मधोमध लाल रेघ, वरातीतल्या घोडीसारखा ऐटदार. पिवळा दहा फुटी, पिकल्या पपईच्या रंगाचा, जड, आणि त्याच्या अंगावर इतकी ठिगळं की मूळ फळी कुठली हे शोधावं लागत होतं. चाचांनी दोन्हींवर बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकवलं.

"ऐकलं का? पांढरी पोकळ बोलती. पिवळी भरीव."

"म्हणजे पिवळा घेऊ?"

"ते मी सांगणार न्हाई. मी फायबर सांगतो, बसायचं तुम्हाला हाय."

दोन्ही बोर्ड टेम्पोत घालून राहूला आणले. क्वालिटीतला माणूस, मी बसून अठरा मुद्द्यांची यादी केली आणि दोन्ही तपासले. पांढऱ्याला एक लाल खूण लागली. पिवळ्याला तेरा. कंपनीत असा पार्ट आला असता तर मी पाठवणाऱ्याला बोलावून घेतलं असतं.

"मग ठरलं की," बायको म्हणाली. "पांढरा. तरी रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन दोघांपुढं उभे काय राहता?"

"विचार करतोय."

"मुलगी बघायला आलात तेव्हा एवढा विचार केला नव्हता."

खरं म्हणजे मी बोर्ड बघतच नव्हतो. सोमवारी टेम्पो येणार होता, त्याच्या आत पाण्यात उतरावं लागणार होतं, आणि मी दिवस ढकलत होतो. शेवटी शनिवारी संध्याकाळी मन घट्ट केलं. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं होतं, आमच्या खालचा बंधारा तुडुंब होता, जलपर्णीही एका कडेला गेली होती. रविवारी सकाळी दोन्ही बोर्ड तिथं उतरवायचं ठरलं. लाट नाही तर नाही, निदान तोल तरी कळेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग दोन्ही बोर्डांच्या वरच्या बाजूला मेण घासलं. पाय सटकू नये म्हणून बोर्डाला मेण लावतात. त्याचे बारीक खडबडीत दाणे तयार होतात आणि पाय धरून राहतो. तासभर घासलं. आबा बाजेवर बसून बघत होते.

आता आबांचं सांगायला हवं. गुळव्याच्या जगात मळकी काहील हे सगळ्यांत मोठं पाप. काहिलीला कण जरी चिकटून राहिला तरी गूळ करपतो, म्हणून ती आरशासारखी लखलखीत पाहिजे. तांबडं फुटायच्या आत आबा उठले, शेडमध्ये गेले, आणि आपल्या लेकाची दोन्ही नवी फळकुटं मेणचटलेली बघून त्यांना राहवलं नाही. गरम पाणी, चुना आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी दोन्ही बोर्ड मेणाचा दाणा राहू न देता घासून काढले. वर एरंडेलाचा हात फिरवला. चुन्यानं वस्तू कोरडी पडू नये, म्हणून. हे सगळं निव्वळ मायेनं.

बोर्ड डोक्यावर घेऊन आम्ही नदीवर निघालो तेव्हा मला यातलं काहीही दिसलं नाही. माझं लक्ष समोरच्या पाण्याकडं होतं. काठावर पाण्याच्या मोटारी चालू करायला आलेले चारपाच जण होते, ते मोटारी सोडून आमच्याकडं बघायला लागले. बायको दगडावर बसली. मी पांढरा बोर्ड छातीएवढ्या पाण्यात नेला, दोनदा खोल श्वास घेतला, वर चढलो, गुडघे टेकले आणि शहाण्यासारखा एकदम उभा राहिलो.

पाय असा गेला की कुणी खालून ओढला म्हणावं. मी उताणा पाण्यात पडलो.

छातीएवढंच पाणी होतं. उभा राहिलो असतो तरी झालं असतं. पण डोकं पाण्याखाली गेलं आणि दिवाळीनंतरची ती सकाळ परत आली. तोच अंधार आणि तोच कानातला घों घों आवाज. वर आलो तो हातपाय झाडत, बोर्डाला मिठी मारून, "सोडा, सोडा!" असं ओरडत. मला कुणीही धरलेलं नव्हतं. काठावरचे खदखदून हसले. बायकोही हसली, आणि मग मध्येच थांबली.

"आबा!" मी उसनं अवसान आणून ओरडलो. "ह्याला काय लावलंय?"

"एरंड्याल," आबा शांतपणे म्हणाले. "मेणचटलेलं व्हतं, घासून काढलं. कवा धुतलं न्हवतंस?"

लोक आणखी हसले. आबा मात्र हसत नव्हते. ते पाण्याच्या कडेला आले, माझ्याकडं निरखून बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आन् तू कवापासनं भ्यायला लागला?"

"भितंय कोण?"

"मी चाळीस वर्सं मान्सं पल्याड न्हेल्यात. मला इचारतो व्हय?"

मग काय झालं कुणास ठाऊक, तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: दोरी, लाट, तांब्या, ऑडिटची थाप. सांगून झाल्यावर आबांनी सदरा काढला, धोतराचा काचा मारला, आणि डोक्यावरची टोपी बायकोच्या हातात दिली. "सूनबाई, ही धर. हेला आज फळी घिऊन द्याची हाय."

"आबा, या वयात?" बायको उठून उभी राहिली.

"वय काठावर. पान्यात कसलं वय?"

ते पोटापर्यंत आत आले. मला म्हणाले, चढ, मांडी घालून बस, आणि तोंड माझ्याकडं कर.

"मागं तोंड करून बसू?"

"काहिलीत भ्यालेला मानूस असाच बसवायचा. फुडलं पानी बघत बसला की त्यो उठतो, आन् एक उठला की समदी बुडत्यात. माझ्या तोंडाकडं बघ."

मी बसलो. बोर्ड पांढरा, सडपातळ. माझ्या वजनानं पाणी वर येऊन मांडीला लागलं. आबांनी मागचं टोक धरलं आणि पाय मारत ढकलायला सुरुवात केली. मी दोन्ही हातांनी कडा आवळल्या होत्या.

"कंपनी कशी हाय?"

"बरी."

"खोडव्याच्या उसाला पानी कवा द्याचं?"

"देऊ."

"दोडकी लावायची का औंदा?"

"लावू."

दहा-बारा हात गेले नसतील, आबांनी बोर्ड वळवला आणि मला काठाला आणून लावलं. "ही नगं," ते म्हणाले. "पिवळी आना."

"आबा, एवढ्यात काय कळलं?" बायकोनं विचारलं.

"भ्यालेला मानूस भांडत न्हाई, सूनबाई. हो ला हो करतो. तवा आमच्याकडं दोन काहिली व्हत्या. एक नवी, चकचकीत. तिच्यात बसली की बाया मुक्या व्हायच्या. दुसरी पोचे पडलेली. तिच्यात बसली की मधल्या धारंपातूर सासूच्या कागाळ्या चालू. ज्या काहिलीत मानूस भांडाया लागतो, ती चांगली."

माझी अठरा मुद्द्यांची यादी शेडमध्ये खिळ्याला लावलेली होती. तिच्यात हा मुद्दा नव्हता.

पिवळा पाण्यात सोडला. तो जड ढिम्म तरंगला. मी चढलो, एरंडेलावरून सरकत सरकत मांडी जमवली, आणि पाणी माझ्यापर्यंत पोचलं नाही. आबा हनुवटीपर्यंत पाण्यात, नजर माझ्यावर. पुन्हा कंपनी, पुन्हा खोडवा. मी पुन्हा "बरी", "देऊ". त्यांनी काही बोर्ड वळवला नाही, ढकलतच राहिले. मग म्हणाले, "त्या मेनाचा लई घान वास येत व्हता. बरं केलं काढलं ते."

"घाण वास?" मी म्हणालो. "आबा, ते मेण वासासाठी नसतं!"

"मंग कशापायी?"

"पाय सटकू नये म्हणून! तासभर घासलं होतं मी. तुम्ही बघत होतात. एक शब्द विचारायचा होता!"

"इचारायचं काय? मळ दिसला, काढला."

"तो मळ नव्हता! तुमचं नेहमीचंच आहे. माझ्या व्हर्नियरला तेल लावलं होतंत मागं. सायकलच्या ब्रेकला लावलं होतंत. ब्रेकला तेल लावतं का कुणी? त्या उतारावरनं मी थेट गोठ्यात गेलो होतो, आठवतंय का?"

"गाईनं काय केलं न्हाई तुला."

"गाईनं केलं नाही, पण माझा दात पडला!"

"दुधाचा व्हता."

"दुधाचा नव्हता!"

मी कडा सोडून दोन्ही हात हवेत उडवत होतो. ब्रेक, दात, शिवाय दहावीच्या परीक्षेला त्यांनी उशिरा उठवलं होतं तेही काढलं. आबाही सोडत नव्हते, पाण्यातून तोंड वर काढून काढून उत्तरं देत होते. एवढ्यात माझ्या पाठीमागं बोर्ड कशाला तरी टेकला. वळून बघितलं तर चिखल, त्याच्या वर बाभळ, आणि एक शेळी आमच्याकडं बघत उभी. आम्ही शिरूर तालुक्यात आलो होतो. अख्खी भीमा ओलांडली होती आणि मला पत्ता नव्हता.

आबा बोर्डाला रेलून हसत होते. हसता हसता त्यांना धाप लागली. "घे ही," ते म्हणाले.

पांढरा बोर्ड दुसऱ्या दिवशी टेम्पोतून कोकणात गेला. पिवळा घेऊन मी पाऊस सरल्यावर समुद्रावर जाऊन आलो. उभा राहिलो. किती सेकंद ते विचारू नका, चेहऱ्यावर पाणी आलं तरी श्वास चालू होता हे महत्त्वाचं. पण आढ्यावरून फळी उतरवली की मला आठवतं ते त्या रविवारचं परत येणं.

आबा बाभळीच्या सावलीत बसले होते. ओलं अंग, मोजता येतील अशा बरगड्या, आणि श्वास अजून जागेवर आलेला नव्हता. शहात्तर वर्षांच्या माणसानं मला ढकलत आणलं होतं आणि मी वाटभर त्यांच्याशी भांडलो होतो. मला फार वाईट वाटलं. पलीकडं काठावर बायको त्यांची टोपी हातात घेऊन उभी होती, इवलीशी दिसत होती. पुलावरून गाडी मागवावी तर मोठा वळसा.

"आता तू मला न्हे," आबा म्हणाले.

मी पाण्यात उतरलो. पहिल्यांदा गुडघे, मग कंबर, मग छाती. आबा बोर्डावर मांडी घालून बसले, तोंड घराकडं. मी मागचं टोक धरलं आणि पाय मारायला लागलो. थोडं पुढं गेल्यावर मला चुकल्यासारखं वाटलं. आबा बोलत नव्हते.

"थंडी वाजतेय का, आबा?"

"न्हाई."

"नीट बसलाय ना?"

"व्हय."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हातांनी पिवळ्या कडा घट्ट आवळल्या होत्या, बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळा तालुका पलीकडं नेणारा हा माणूस स्वतः कधी काहिलीत बसलाच नव्हता. त्यांना न्यायला कोण होतं? जन्मभर ते पाण्यात होते, कधी पाण्याच्या वर नव्हते. मला इतकी माया दाटून आली की पाय मारायचे क्षणभर राहिले.

"आबा," मी म्हणालो, "तोंड माझ्याकडं करा."

त्यांनी मान वळवून बघितलं. मग कडा न सोडता, इंचाइंचानं सरकत, ते माझ्याकडं तोंड करून बसले. एरंडेल होतंच, त्यामुळं सरकायला सोपं गेलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. सत्तेचाळीस वर्षांत मी आबांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"खोडव्याला पाणी उद्या देऊ का?"

"दे."

"दोडकी राहू देत औंदा."

"ऱ्हाऊ दे."

आता एकच उपाय होता. मी पाणी थुंकलो, टोक नीट धरलं आणि म्हणालो, "आबा, खरं सांगू का? तुमचा गूळ जरा कडकच उतरायचा."

आबांचा कडेवरचा उजवा हात सुटला.

"कोन म्हंतो?"

"सगळेच म्हणायचे. तोंडावर कोण बोलणार?"

"कडक? माझा गूळ? आरं, पल्याडनं मान्सं काहिलीत बसून माझ्या गुळाला यायची! कोन बोललं त्याचं नाव सांग! त्या बांधाकडच्या आप्पानं सांगितलं आसंल, त्याला सोताला पाक कळत न्हवता, त्यो काय..."

डावा हातही सुटला. आबा मांडी घातलेल्या गुडघ्यांवर थापा मारत होते, माझ्या नाकापुढं बोट नाचवत होते, बोर्ड हलत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. पाण्यात माझे पाय खाली लोंबत होते. तळ कुठंच लागत नव्हता, आणि तो बराच वेळ लागत नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आबा अजून गुळावरच होते. जरा दमून ते श्वास घ्यायला थांबले.

"आणि आबा," मी म्हणालो, "काळपटही असायचा."